ॲमीटरचा काटा

बाबांच्या जुन्या मोटारीतल्या ॲमीटरने लेकाच्या नाकी नऊ आणले होते. बॅटरी उतरो नाहीतर भरो, काटा आपला ‘चार्जिंग’वरच ढिम्म! त्याने वायरी बदलल्या, डायनॅमो खोलला. शेवटी वैतागून ॲमीटरच उघडला, तर काटा चक्क गोंदाने चिकटवलेला!

“बाबा, हा कुणाचा उपद्व्याप?” तो कडाडला.

“हळू बोल,” बाबा कुजबुजले. “काटा जरा उतरला की तुझी आई भररस्त्यात गाडी थांबवायला लावायची.”

कपाळावर हात मारून त्याने काटा सोडवला.

संध्याकाळी तिघं फिरायला निघाली. सिग्नलला थांबून लेकाने गाडीचे दिवे लावताच काटा उतरला.

“अरे, बाजूला घे! बंद पडणार बघ!” शेजारून आई ओरडली.

मागच्या सीटवरून बाबांनी मुकाट्याने गोंदाची ट्यूब पुढे केली.