चांगुणाच्या वाट्याच्या गोळ्या

मी कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी बोलतेय. पांढरी, प्लास्टिकची, निळ्या झाकणाची. मला या घरात येऊन अजून वर्ष भरलं नाही, पण एवढ्यात जे पाहिलं ते पुरे झालं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते लातूरच्या औषधाच्या दुकानापासून. तिथून चांगुणाताईंनी मला उचललं आणि पिशवीत टाकलं. ताई चोपन्न वर्षांच्या. अहमदपूरजवळच्या खेड्यात अठरा वर्षं आशाताई म्हणून काम केलेलं. पोटुशी बायांना दवाखान्यात न्यायचं, लोहाच्या अन् कॅल्शियमच्या गोळ्या घरपोच द्यायच्या, हे त्यांचं काम. आदल्या वर्षी त्यांच्याच छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झालं, गेलेले केस बोटभर परत आले.

आजार परत येऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाच वर्षांसाठी रोजची एक गोळी लावून दिली होती. "ही गोळी चांगलं काम करते, पण हाडं ठिसूळ करते," त्या म्हणाल्या. "म्हणून कॅल्शियम चुकवायचं नाही. दूध, तीळ खायचे, उन्हात चालायचं." ताईंनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

एसटीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "मला कशाला लावलं असंल हे? कॅल्शियम तर पोटुशी बाईला देतेत. अठरा साल मीच वाटून राहिले की."

"डॉक्टर हाय ती. तुला जास्ती कळतं का?" व्यंकटराव म्हणाले.

कळत होतं ना, तेच तर नडलं. जी गोळी जन्मभर दुसरीच्या हातावर ठेवली, ती आपल्याही हाडांना लागते, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यात घरी लेक आलेली. धम्मप्रिया नांदेडला दिलेली, सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. तिला सरकारी गोळीनं मळमळायचं. झालं, ताईंना वाट सापडली.

दुपारच्या जेवणानंतर व्यंकटराव मला उघडायचे, एक गोळी ताईंच्या हातावर ठेवायचे आणि पाण्याचा तांब्या पुढं करायचे. भला माणूस, पण डोळ्यापुढचं दिसायचं नाही त्याला. ताई हात तोंडाकडं न्यायच्या, घटाघटा पाणी प्यायच्या, अन् गोळी जायची पदराच्या गाठीत. थोड्या वेळानं त्या लेकीपाशी जायच्या. "घे गं धम्मू. स्टॉकमधी नव्या आल्यात. ह्यानं मळमळत न्हाई."

पोरगी बिचारी खायची. आशाताईची लेक, आईनं दिलेल्या गोळीवर कशाला शंका घेईल? मी फडताळात बसून नुसती चडफडत होते. मला तोंड आहे हो, पण त्याचा काय उपयोग?

ताईंची कंबर ठणकायची, उठताना भिंत धरावी लागायची. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "केमोचं हाय, जाईल." आपल्याच दुखण्याला अशी थाप मारून गप्प बसवणाऱ्या बाया किती असतील, देव जाणे. मी संपले की व्यंकटराव नवी डबी आणायचे आणि सवयीनं गोळ्या माझ्यातच ओतायचे. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली, महामाया. तरी पदराची गाठ काही सुटली नाही. आता लेक अंगावर पाजत होती ना.

नातीला आंघोळ ताईच घालायच्या. पाय लांब करून बसायच्या, तिला पायांवर पालथी घ्यायच्या, तेल जिरवायच्या. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हाची गोष्ट. आंघोळ झाली, लेकीनं बाळ उचलून नेलं आणि ताई उरलेल्या पाण्याची बादली उचलायला वाकल्या. पाठीत कट्ट झालं. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. ओल्या फरशीवर बसून राहिल्या, चेहरा पांढराफटक.

लातूरला फोटो काढला. मणका दबला होता. आजार परत आला नव्हता. ते ऐकून व्यंकटरावांनी हात जोडले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कॅल्शियम घेत होत्या ना?"

"रोज. म्या सोता हातावर ठेवत होतो की," असं म्हणत त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. सोबत आलेल्या धम्मप्रियानं सहज झाकण उघडलं. लांबट पांढरी गोळी, मधोमध रेघ. तिनं ती बराच वेळ हातात धरली.

"आई, ह्या तर तू मला देत होतीस."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "तुला लेकरू होतं माय. मह्या हाडांचं आता काय करायचं होतं?"

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, नुसत्या गोळ्यांनी मणका वाचलाच असता असं नाही, केमोनं हाडं आधीच झिजली होती. पण जे मिळायला हवं होतं, तेही मिळालं नाही. धम्मप्रियाला त्यातलं पहिलं वाक्य ऐकूच गेलं नाही. ती रडत राहिली. मलाही वाईट वाटलं. माझ्यातून निघालेली एकेक गोळी मी पाहिली होती.

त्याला पाच महिने झाले. ताई पट्टा बांधून वाकून चालतात. भरल्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, अशी ताकीद आहे. रोज दुपारी धम्मप्रिया स्वतः गोळी आईच्या जिभेवर ठेवते, तोंड उघडून दाखवायला लावते. उद्या ती नांदेडला जाणार आहे.

बायांनो, एवढंच मागणं आहे. लेकीला द्यायचं ते द्या, पण डॉक्टरांनी तुमच्या नावानं दिलेली गोळी तुम्हीच गिळा.

आत्ता महामाया रांगत खाटेपाशी आलीय. खाटेचा पाय धरून उभी राहिली आणि आजीकडं बघून दोन्ही हात वर केले. ताईंचे हात तिच्या काखेपर्यंत गेले, तिथंच थांबले.

"अहो," त्यांनी आतल्या खोलीकडं हाक दिली, "ह्या लेकराला उचला की जरा. मला घे म्हणून राहिलंय."