मिष्टान्न, तीन अक्षरी

मी बोलतोय खरा, पण माझ्यावर अक्षर एकही नाही. शब्दकोडं सोडवताना तुमची पेन्सिल ज्या काळ्या चौकोनापाशी अडते ना, तो छापणारा शिशाचा ठोकळा मी. माझ्याआधी एक शब्द संपतो, माझ्यानंतर दुसरा सुरू होतो, आणि मधे मी गप्प. गप्प बसणाऱ्याला ऐकू लई येतं, एवढं ध्यानात ठेवा.

हैदराबादच्या एका फाउंड्रीत शिसं ओतून मला घडवलं. तिथून खिळ्यांच्या, म्हणजे छापायच्या सुट्ट्या अक्षरांच्या, पेट्यांबरोबर लातूरला आलो, गंजगोलाईजवळच्या छापखान्यात. मालक चन्नबसप्पा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि एक साप्ताहिक छापायचे. सुरुवातीची वर्षं माझ्या वाट्याला मयताच्या बातम्याच आल्या. कोणी गेलं की चौकटीच्या कोपऱ्यांत आम्हा भावांना बसवायचं. जिवंतपणी ज्याला गल्लीत कोणी 'बसा' म्हटलं नाही, तो आमच्या मधे आला की 'आदरणीय' व्हायचा. माणसांची ही खोड मला तिथंच कळली.

बहात्तरच्या दुष्काळात छापखान्याला कुलूप होतं. पाऊस नाही तर पीक नाही, पीक नाही तर लग्न नाही, मग पत्रिका कोण छापणार? मी पेटीत अंधारात पडून होतो. म्हणून त्या वर्षाचं मला काही माहीत नव्हतं. जे कळलं ते नंतर, भांडणातून कळलं.

कुलूप निघालं, साप्ताहिक पुन्हा सुरू झालं, आणि त्यात शब्दकोडं आलं. आमचे दिवस पालटले. कोडं करायचे गुरुपादप्पा गुरुजी, निवृत्त मास्तर. कोड्याखाली शब्द ओळखायला जी एकेक ओळ देतात तिला संकेत म्हणतात. गुरुजींचे संकेत वर्षानुवर्षं तेच. इंद्राचा हत्ती. विष्णूची पत्नी. पुण्याची एक नदी. लातूरची तहानलेली माणसं दर आठवड्याला पुण्याच्या नदीत उतरायची आणि कोरडी बाहेर यायची. आणि तो हत्ती तर इतक्या वेळा आला, की त्याला इथलं रेशनकार्ड द्यायला हरकत नव्हती.

मग जगदेवी छापखान्यात आली. चन्नबसप्पांची मुलगी. कॉलेज सोडून आली होती. प्राध्यापक जुन्या वहीतून वाचून दाखवायचे, ती उभी राहून म्हणाली, "सर, वही आम्हाला द्या. आम्हाला वाचता येतं." त्यांनी माफी मागायला सांगितली. तिनं दप्तर उचललं. घरी अप्पांनी, म्हणजे चन्नबसप्पांनी, दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं खिळ्यांची पेटी ठेवली. "जुळव," म्हणाले. बापाचं बोलणं एवढंच.

गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कोडं जगदेवी करू लागली. खाली नाव मात्र गुरुजींचंच. तिनं एकदा विचारलं, "माझं नाव कधी लागणार?"

अप्पा म्हणाले, "बघू."

गुरुजी म्हणाले, "नावाला वजन लागतं पोरी."

वजन म्हणजे काय ते शिशाच्या ठोकळ्यानं सांगावं. नावाला नसतं. नाव छापायला जे खिळे लागतात, त्यांना असतं.

ती काम कसं करायची ते सांगतो. आधी शब्द घ्यायची, मग छापखान्यात येईल त्याच्यासमोर तो टाकायची. "देवणी गाव म्हटलं की काय आठवतं मामा?" "बैल." "आणि तुम्हाला?" "बैलाचा भाव." मग बराच वेळ शाईचं बोट कपाळाला लावून बसायची आणि लिहायची: 'हिच्या नावावर बैल विकला जातो, हिला मात्र कोणी बाजारात उभं करत नाही.' सोळा रस्ते जिथून फुटतात त्या गंजगोलाईचा संकेत होता, 'इथं उभं राहून रस्ता विचारला, तर सोळा उत्तरं मिळतात.' तिचं म्हणणं असं, की संकेत वाचून माणूस अडला पाहिजे. पण उत्तर सापडल्यावर त्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर मला ठाऊकच होतं. जे कोणालाच ठाऊक नाही ते विचारण्यात कसली हुशारी? ती परीक्षा घेणाऱ्यांची हुशारी.

आता खरी गोष्ट. ब्याऐंशीचा स्वातंत्र्यदिन जवळ आला. लातूर जिल्हा होणार होता. साध्या दाखल्यासाठी उस्मानाबादची एसटी धरायची पिढ्यानपिढ्यांची कटकट संपणार म्हणून गावभर कमानी लागल्या. साप्ताहिकाचा विशेषांक ठरला, जादा प्रती ठरल्या. जगदेवीनं अप्पांना गाठलं.

"ह्या अंकातलं कोडं माझ्या नावानं."

"आधी कर तर."

'आधी कर' म्हणजे 'नाही' नव्हे. अप्पांकडून एवढं मिळालं म्हणजे लई मिळालं. ती कामाला लागली. उस्मानाबादचा संकेत वाचून तर यंत्रावरचा माणूसही हसला: 'कालपर्यंत हेलपाटे इथं, उद्यापासून नाहीत.' मी त्या कोड्यात मधोमध होतो. माझ्या उजव्या अंगाला आडवा शब्द होता, तीन घरांचा. सुकडी. त्याच्या 'सु'पासून खाली 'सुगी' उतरत होती आणि वरून आलेली 'घोंगडी' त्याच्या 'डी'वर टेकत होती.

जुळलेले खिळे आवळून तपासायला पहिला कागद काढला. गुरुजींनी भिंगातून एकेक संकेत वाचला आणि सुकडीपाशी थांबले.

"'बहात्तर साली ओंजळीत पडली, जिभेला गोड, आठवायला कडू.' हे काय पोरी?"

"सुकडी. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर वाटायचे ते गोड पीठ."

"ते माहीत आहे मला. शुभ अंक आहे हा. मोठमोठे पाहुणे वाचणार."

"त्यांना तर पटकन येईल. त्यांनीबी खाल्ली असंल."

"चांगल्या घरांत सुकडी खात नव्हते कोणी."

"मी खाल्ली," जगदेवी म्हणाली. "अप्पा आणायचे, रुमालात बांधून. आम्ही गल्लीत सांगायचो, अप्पा देगलूरला खरेदीला गेलेत. छापखान्याला कुलूप. कसली खरेदी करून राहिले होते अप्पा?"

चन्नबसप्पा दारात उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "आपल्या घरात सुकडी आली नव्हती."

"मग मी काय खाल्लं?"

"तू लहान होतीस."

लहान होतीस. मोठ्यांचं हे उत्तर कुठल्याही कोड्यात, कुठल्याही घरांत बसतं. आडवं लिहा, उभं लिहा.

गुरुजी शब्द काढायला निघाले, पण शब्द निघेना. सुकडी काढली तर सुगी जाते, घोंगडी जाते, त्यांच्याबरोबर आणखी चार शब्द ढासळतात. आणि अंक उद्या निघायचा होता. म्हणून त्यांनी शब्द ठेवला आणि संकेत बदलला. पेन्सिलीनं लिहिलं: 'एक पौष्टिक मिष्टान्न.' जगदेवी ते जुळवायला तयार होईना. शेवटी अप्पाच पेटीपाशी गेले. माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी एकेक खिळा उचलून 'मिष्टान्न' जुळवलं. इतक्या वर्षांचा हात, पण त्या एका शब्दाला दोनदा चुकला. खाली नाव लागलं गुरुपादप्पा गुरुजींचं.

अशी चूक दुसरं कोणी करणार नाही. लाज झाकायची म्हणून दुष्काळाच्या पिठाला पंक्तीत बसवलं, आणि ते वाचणार कोण, तर ज्यांनी ते रांगेत उभं राहून खाल्लं ते सगळे. सुगीनं 'सु' दिला, घोंगडीनं 'डी'. मधलं अक्षर घालायला पोरगंसुद्धा चुकलं नाही. छापखान्याच्या दारातली उत्तरांची पेटी भरून वाहिली. समासात लोकांनी लिहिलं होतं: 'मिष्टान्नाची पाककृती छापा.' 'गुरुजी, तुमच्याकडं हे कोणत्या सणाला करतात? आम्हीबी येतो.' एकानं तर नुसतं लिहिलं होतं: 'थू.'

बाजारच्या दिवशी एक म्हातारी आली. रेणापूरची केवळाबाई, बरोबर सून सिंधु. बाईला वाचता येत नव्हतं. सून वाचायची, सासू उत्तरं सांगायची, असं त्यांचं दर आठवड्याचं होतं. उंबऱ्यातूनच तिनं विचारलं, "कोण हाय तो मिष्टान्नवाला?"

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "काय झालं बाई?"

"काय न्हाई. बघावं म्हणलं. माझी जाऊ त्या कामावर खडी फोडता फोडता बसल्या जागी गेली. हातात तुमचं मिष्टान्न व्हतं."

सिंधु म्हणाली, "आत्या, हळू."

"हळूच बोलून राहिले की."

गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "हे पाहा, ते कोडं माझं नाही. नाव आहे माझं, पण करते ही पोरगी."

इतके महिने मागून जे मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. जगदेवी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आत्ता माझं झालं व्हय? शिव्या आल्या की माझं?"

तिला एवढंच सांगायचं होतं, की तिचा संकेत वेगळा होता. पण ते सांगायचं तर बापाचं नाव घ्यावं लागलं असतं. अप्पा पलीकडं उभे राहून खिळे पेटीत टाकत होते, मान खाली. ती त्यांच्याकडं बघत राहिली. एरवी कोणालाही फाडून खाणारी पोरगी त्या दिवशी गप्प बसली. मला ते लागलं.

केवळाबाई अप्पांच्या हाताकडं बघत होती.

"तू चन्नबसप्पा ना रे?"

अप्पांचा हात थांबला.

"तोंडाला रुमाल बांधला म्हणून हात लपतो का? डाव्या हातानं हातोडा मारणारा तू एकलाच व्हतास. डावखुऱ्याच्या शेजारी कोण बसंना, कपच्या उडत्यात. म्या बसायचे. तुझी कपची लागलेली हाय मला, हे बघ, भिवईत." आणि ती सुनेला म्हणाली, "लई गुणाचा माणूस. आपली सुकडी खायचा न्हाई. बांधून न्यायचा. एक ल्येक हाय म्हणायचा घरी."

गुरुजी भिंग पुसत बसले. अप्पांनी माठातलं पाणी आणलं. "बसा मावशी," म्हणाले. ती बसली. तेही जमिनीवर तिच्या शेजारी बसले, डाव्या अंगाला.

जगदेवीनं इतकी वर्षं धरलं होतं, की बाप खोटं बोलतो. ते खरंच होतं. पण त्यानं स्वतः कधी खाल्लीच नाही, हे तिला त्याच्याकडून कळायला हवं होतं. ते एका परक्या बाईनं सांगितलं. आमची थोरली माणसं लाजेबरोबर आपला चांगुलपणाही गाडून टाकतात आणि वर म्हणतात, पोरांना आमची कदर नाही. कदर करायला काही दिसू द्या की.

पुढच्या अंकात उत्तरं छापायची होती. जगदेवीनं सुकडीपुढं स्वतःचा संकेत जुळवला, जसा होता तसा. शेवटी 'कोडेकार: जगदेवी' एवढंच. कागद अप्पांकडं गेला. त्यांनी लई वेळ लावला. परत आला तेव्हा संकेताला हात नव्हता. नावात मात्र पेन्सिलीनं भर होती: 'जगदेवी चन्नबसप्पा.'

ती उसळली. "इथंबी तुमचं नाव घुसवायचं?"

अप्पा चष्मा काढून म्हणाले, "वर सुकडीपुढं काय छापलंय ते बघ. त्याच्याखाली घुसवलंय."

तिनं कागद पुन्हा वाचला. मग पेटीपाशी गेली आणि बापाच्या नावाचे खिळे स्वतःच्या हातानं, एकेक करून बसवले. ते नाव आठवड्याच्या आठवड्याला तसंच लागत गेलं.

आता ते सगळं संपलं. नवी यंत्रं आली, खिळे मोडीत गेले, माझे भाऊ वितळून कुठं गेले देव जाणे. मला जगदेवीनं पिशवीत टाकलं. ती नांदेडला असते, अजून कोडी करते, कॉम्प्युटरवर. तिथं काळं घर एका बोटानं उमटतं. मी खिडकीत असतो. वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून तिनं मला फटीत ठेवलंय. तक्रार नाही. बाहेरचं दिसतं.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. कोड्यात कधी अडलात तर पुस्तकं धुंडाळू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आधी ते म्हणतील, ठाऊक न्हाई. मग म्हणतील, तू लहान होतास. तरी उठू नका. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि पुन्हा विचारा.