नवशाच्या बंडीची चिंधी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझ्या अंगावरचं रक्त तुम्ही लख्ख उजेडात पाहिलंत. दोन बोटांच्या चिमटीत मला धरून नाकापर्यंत नेलंत, तोंड वाकडं केलंत, आणि हवालदाराच्या बादलीत मला बुडवायला लावलंत. साबणसुद्धा सरकारचाच होता.

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे. चिंधीला वाचवायला कोणी येत नाही, म्हणून चिंधी कोणाला भीतही नाही. तुम्हाला मोटारी आवडतात ना? मग ऐका, नवी मोटार कशी जपतात ते.

भिवंडीतल्या नारपोलीत एका मागावर माझा जन्म झाला. चहूकडे लूमचा खडखडाट, हवेत कापसाची पिंज. विणताना माझ्यावर तेल सांडलं आणि मी बाद ठरले. त्या कारखान्यात काशी नावाची बाई सुताच्या कांड्या भरायची. मालकाने दिवाळीला तिला मिठाई द्यायच्या ऐवजी मला दिलं. तिने हाताने शिवून माझी बंडी केली, नवऱ्यासाठी. पांढरा दोरा संपला म्हणून उजव्या काखेत तिने हिरव्या दोऱ्याने टाके घातले. ते टाके लक्षात ठेवा.

तिचा नवरा नवशा, मूळचा दिघाशी गावचा. केसरीनाथ शेठच्या घरी तो गडी होता. शेठची खाडीकडची शेतं गेली, तिथे माग बसले, गोदामं उठली. नांगरायला काही उरलं नाही म्हणून शेठने बैल विकले. गोठ्यात फरशी घातली आणि तिथे फिकट निळी, कोरी करकरीत मोटार आणून उभी केली. शेठाणी सीताबाईंनी तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नवशाने हात जोडले आणि सवयीने तिच्या बॉनेटवर थाप मारली.

ड्रायव्हर दामू खो खो हसला. "अरे नवशा, मोटार है, बैल नहीं! लाथ नाय मारणार ती."

"मंग हिचा चारा काय?"

"पेट्रोल. तुझ्यापेक्षा महागाचं खाते."

दामू तोंडाचा फटकळ, पण त्याने नवशाला सगळं शिकवलं. "हे बघ, नव्या मोटारीचा रंग कच्चा, तान्ह्या पोराच्या टाळूसारखा. उन्हात धुवायची नाय. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ दे. कोरडं पुसलंस तर तीच धूळ तिला ओरबाडते. टपापासून सुरू करायचं, चाकं शेवटी. आणि फडकं जुनं पाहिजे. नव्या कापडात खळ असते."

नवशाने तिथल्या तिथे मला अंगातून काढलं. "ही घे. घामानं पार लोण्यासारखी झालीय."

घरी काशी कडाडली, "सोता उघडा नि मोटारीला बंडी?"

"अगं, तिला ओरखडा आला तर शेठ मना सोलंल."

दोघं हसली. मीही हसले असते.

मित्रांनो, त्यानंतर रोज सकाळी नवशा मला भिजवायचा, पिळायचा आणि मोटारीच्या अंगावरून फिरवायचा. काचा, कडा, दाराच्या मुठी, दिव्यांभोवतीची चकचकीत कडी. बैलांशी बोलायचा तसा तिच्याशी बोलायचा. "हां, उभी ऱ्हा. झालं, झालं." लोक यायचे, मोटारीच्या दारात वाकून आपलं तोंड बघायचे. शेठ म्हणायचा, "बघा काय लकाकी! इथं उभं राहून दाढी करा." लकाकी शेठची, मोटार शेठची. चमकवणारे हात कोणाचे, हे एकानेही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मग शेठच्या मुलीचा, कमळचा, साखरपुडा ठरला, अंबाडी गावी. आदल्या दिवशी शेठ बोलणी पक्की करायला तिकडे जाऊन आला. वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर ओतत होते. मोटार परत आली ती दारांवर काळे ठिपके घेऊन.

सकाळी ओट्यावरून शेठ ओरडला, "नवशा, पाहुणे निघायच्या आत चकाचक पाहिजे! सोयऱ्यांच्या दारात माझी इज्जत उभी राहणार आहे."

नवशाने मला ठिपक्यांवर घासलं. डांबर पाण्याला जुमानत नाही. दामू असता तर त्याने घासलेटाचा बोळा हळूच फिरवून ठिपके उचलले असते. पण दामू कपडे बदलायला घरी गेला होता. नवशाला माहीत होते बैल. बैलाच्या मांडीवर वाळलेलं शेण निघत नसलं, की मूठभर पेंढा घ्यायचा, चुलीतली राख लावायची आणि घासायचं. बैल डोळे मिटून उभा राहतो, त्याला बरं वाटतं.

नवशाने पेंढा घेतला, राख घेतली. जीव लावून घासलं. डांबर निघालं. त्याच्याबरोबर चमकही निघाली. निळ्या दारावर राखाडी पट्टे उठले, मांजराने बोचकारल्यासारखे. नवशा घाबरून पुन्हा पुन्हा मला पट्ट्यांवरून फिरवत राहिला. पट्टे काही जाईनात.

शेठ पांढरेशुभ्र कपडे घालून आला. बघितलं. डिकी उघडून त्याने मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल काढलं.

"कुठल्या हातानं घासलंस?"

नवशाला वाटलं, मास्तर छडी मारतो तसं असेल. त्याने उजवा हात पुढे केला. सवयीने तो हात बॉनेटवर टेकला.

"मोटारीवरून हात काढ!" शेठ किंचाळला. "दगडावर ठेव."

मित्रांनो, धुण्याचा दगड तिथेच होता. नवशाने त्यावर हात ठेवला. स्वतःहून ठेवला. पिढ्यान् पिढ्या ज्याला 'ठेव' म्हटलं की ठेवायला शिकवलंय, तो दुसरं काय करणार?

हँडल खाली आलं. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. नवशा ओरडला तसं पुन्हा आलं. तो लोळला तर पायाने मनगट दाबून पुन्हा. ओट्यावर पाहुणे उभे होते, हातात पानसुपारी घेऊन. कोणी खाली उतरलं नाही. सीताबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, पुरे, आज शुभ दिवस आहे."

रक्ताच्या चिळकांड्या दारावर उडाल्या होत्या. तेवढ्यात दामू आला आणि जागीच थिजला. शेठ त्याच्यावर खेकसला, "बघतोस काय? सुकायच्या आत पूस. रक्ताचा डाग राहतो."

दामूने मला उचललं. ज्या माणसाच्या अंगावर मी उन्हातान्हात राहिले, ज्याचा घाम प्याले, त्याचं रक्त मला त्या निळ्या दारावरून टिपायला लावलं. मोटार साखरपुड्याला गेली. नवशा तिथेच फरशीवर पडून होता.

दवाखान्यात त्याची दोन बोटं कापली. उरलेली वळत नाहीत. काशी शेठच्या गोठ्यात शिरली, कोपऱ्यात फेकलेली मी तिला दिसले. हिरवे टाके तिने ओळखले. मला पदराखाली घेऊन ती नवशासकट तुमच्या पोलीस ठाण्यात आली, साहेब. बाहेर तीच निळी मोटार उभी होती. दाराला नवा रंगही लागला होता.

तुम्ही नवशाला म्हणालात, "मोटार धुताना हात दारात सापडला ना रे?"

काशी म्हणाली, "सायेब, दारात सापडला तर दगडावर रगत कसं? ही बघा ह्याची बंडी. हिनंच पुसलंय. टाके माझ्या हातचे हायत."

तुम्ही हसलात. "बाई, ह्या चिंधीला काय कोर्टात उभी करू? चिंधी बोलते का?" मग हवालदाराला म्हणालात, "धुऊन टाक रे. मऊ आहे, आपल्या जीपला होईल."

मित्रांनो, तेव्हापासून मी साहेबांची जीप पुसते. मोटार जरूर जपा. सावलीत धुवा, भरपूर पाणी सोडा, मऊ कापड वापरा. ओरखड्यावर नवा रंग बसतो. नवशाच्या हातावर कुठला रंग बसवायचा, तेही कोणी शिकवलं तर शिकून घ्या. तो आता डाव्या हाताने जेवतो. मोटार दिसली की उजवा हात पाठीमागे लपवतो.

साहेब, तुमच्या जीपच्या काचेवर मी आहे. काच स्वच्छ आहे, तुम्हाला मी नीट दिसते. हिरवे टाके अजून सुटलेले नाहीत. तुम्ही विचारलं होतंत, चिंधी बोलते का. बोलली.

आता तुम्ही बोला. नवशाचा हात कोणी फोडला?