दंडाचं माप

कोटाची बाही बायकोच्या दंडापाशी अडकली ती पुढे सरकेना. शिंप्याने दोनदा ओढून पाहिली. गेल्या वर्षी त्यानेच शिवलेला कोट, आणि चाळीस वर्षांत तिचं माप त्याच्याकडून कधी चुकलं नव्हतं.

"धुण्यात आटला असेल," ती म्हणाली.

"माझं कापड आटत नाही," असं म्हणत त्याने गळ्यातली टेप काढली.

दंड गेल्या वर्षीच्या मापापेक्षा चांगला पाऊण इंच जास्त भरला होता. त्याने पुन्हा मोजला, मग दाबून पाहिला. चरबीचं नाव नाही, नुसता टणक. शिंप्याला चक्क हेवा वाटला.

आठ महिन्यांपूर्वी प्रोस्टेटच्या दुखण्यासाठी त्याला पुरुषी हॉर्मोन थांबवणारी इंजेक्शनं सुरू झाली होती. दुखणं आटोक्यात आलं, पण हातापायांतलं बळ ओसरलं. दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत येऊन अडलं, त्या दिवशी त्याने हात टेकले. तेव्हापासून शटर ती उचलायची, आणि हा गडी किल्ली धरून रस्त्याकडे पाठ करून उभा. 'हॉर्मोन थांबलंय, तुम्ही थांबू नका, रोज वजन उचला,' असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यातले पहिले दोन शब्द तेवढे त्याने घरी आणले होते.

"हॉर्मोनशिवाय कुठे दंड भरतो?" तो टेपकडे बघत पुटपुटला.

"माझं जाऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "शटरला कुठे ठाऊक आहे?"

तो इतका हसला, की टाचण्यांची डबी उपडी झाली. मग त्याने बाही उसवली आणि शिवणीत राखलेली माया सोडून कोट तिच्या दंडाएवढा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शटरशी वाकली, तेव्हा त्याने किल्ली खिशात टाकली आणि दुसरी मूठ धरली. शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

"जड झालंय हो आज," ती म्हणाली.

त्याने पाय रोवले, दात आवळले आणि जोर लावला. शटर घडघडत वर गेलं. समोरच्या घड्याळवाल्याने मान वर करून पाहिलं. शिंपी धापा टाकत होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बायको धापा टाकत नव्हती, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

आत जाऊन त्याने मापाची वही उघडली, तिच्या दंडाच्या मापाखाली स्वतःचा दंड मोजून लिहिला आणि पुढच्या महिन्यासाठी शेजारी जागा सोडली.