फुंकरबाबांचा लाल शिक्का

शिवणकारखान्यामागच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. तापाने फणफणलेली तान्ही पोरं खांद्यावर टाकून आया उभ्या होत्या. समोर खुर्चीत फुंकरबाबा.

"कितवा दिवस, माई?"

"तिसरा संपत आलाय, बाबा."

"आण इकडे!" गाल फुगवून बाबांनी बाळाच्या टाळूवर फुंकर मारली. "उद्या ताप उतरेल आणि विष बाहेर पडल्याचा लाल शिक्का छातीवर उमटेल. नाही उमटला तर माझं नाव बदला!"

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा बदलायचं काय, हा प्रश्नच होता. पण शिक्का मात्र उमटत होता! ताप उतरायचा, छाती-पोटावर गुलाबी पुरळ यायचं आणि पोर खेळायला लागायचं.

पाळणाघर चालवणारी ताई दाराशी उभी होती. रांगेत तिची धाकटी बहीण आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन पुढे सरकली.

"पहिलाच दिवस? परवा या. तोवर औषधाचा थेंब नको, विष आत कोंडेल."

"अगं, डॉक्टरांकडे चल," ताईने बाहेर येताच तिचा हात धरला.

"पाच पोरं डोळ्यांदेखत बरी झाली, ताई. तुझंच काहीतरी वेगळं!"

ताईला चैन पडेना. पाळणाघरात येऊन तिने हजेरीची वही काढली. पंधरा दिवसांत नऊ मुलं तापाने घरी राहिली होती. पाच बाबांकडे गेली होती. उरलेल्या चौघांच्या घरी तिने फोन लावले. चौघांनाही तीन-चार दिवस ताप, मग ताप गेला आणि पुरळ आलं. फुंकर कुणीच मारली नव्हती.

म्हणजे बाबा ताप उतरायच्या बेतात असलेलीच पोरं निवडत होते! पहिल्या दिवशी परत पाठवलेल्या पोराचा ताप भलताच असला तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, शिक्का आजच आला!"

"ताप उतरला?"

"नाही. डोळेही उघडत नाहीये ती."

ताई धावत गेली. पोरीच्या पायांवर जांभळट ठिपके होते. तिने काचेचा पेला घेऊन त्याची बाजू ठिपक्यांवर दाबली. काचेखाली ते फिके पडले नाहीत, जसेच्या तसे दिसत राहिले. असे न पुसटणारे ठिपके म्हणजे जिवाला धोका, हे पाळणाघराच्या प्रशिक्षणात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं.

"उचल तिला! दवाखाना!"

"पण बाबा म्हणाले, औषध..."

"बाबांचं मी बघते. तू पोर उचल!"

डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली आणि तिथेच इंजेक्शन दिलं. "रक्तात जंतू पसरलेत. उद्यापर्यंत थांबला असतात तर..." त्यांनी पोरीला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवलं. दोन दिवस बहिणीने तिथल्या अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराला कपाळ टेकून काढले. तिसऱ्या दिवशी पोरीने आईला पाहून हात पुढे केले.

त्यानंतर ताई आणि डॉक्टरीणबाई गोदामात गेल्या. बहीणही हट्टाने आली.

"बाबा, पहिल्या दिवसाच्या पोराला फुंकर का नाही मारत?" ताईने विचारलं.

"योग जुळावा लागतो."

"योग नाही, हा विषाणूचा ताप आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान मुलांत ही साथ येते. तीन-चार दिवसांत ताप आपोआप उतरतो आणि मग पुरळ येतं. तुम्ही फुंकर मारा नाहीतर झोपा काढा."

"श्रद्धा नसेल तिथे..." बाबांनी गाल फुगवले, पण हवा कुठे सोडावी ते सुचेना.

तेवढ्यात बहीण खुर्चीपुढे उभी राहिली. "माझी श्रद्धा होती, बाबा. म्हणूनच माझी लेक मरता मरता वाचली."

मग ती रांगेकडे वळली.

"बायांनो, बाबांमुळे बरं झालं म्हणता, तर बाबांशिवाय किती पोरं बरी झाली तेही विचारा. मी विचारलं नाही. तान्ह्या पोराला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. योगाची वाट बघू नका."

सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईने खांद्यावरचं बाळ सावरलं आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दवाखाना आत्ता उघडा आहे का हो?"