पाटी वाळेपर्यंत

"तूर्तासचा तू दीर्घ असतो, गाढवा! शाळा सोडलीस म्हणून शुद्धलेखनही सोडलंस?"

बाबांनी ब्रश उगारला. दोन थेंब माझ्या शर्टावर उडाले.

"ताईची बस बंद करतायत, आणि तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घाचं पडलंय!"

"दीर्घच काढ. लवकर सुरू व्हायची लक्षणं नाहीत."

बाबा पाट्या रंगवतात. निवडणुकीआधी कचेरीने चाळीस करून घेतल्या. नवा दवाखाना येणार, नवी शाळा येणार, सगळं येणार. निकाल लागला आणि तिजोरीत खडखडाट आहे, हे साहेबांना एकदम आठवलं. आता तेच पत्रे उलटे करून मागे 'तूर्तास बंद' लिहायचं. कारकून यादी द्यायला आला, तेव्हा कचेरीच्या फाटकासाठी एक मोठी पाटीही सांगून गेला, 'प्रदेशाचे आर्थिक चित्र आशादायक'. ती सगळ्यात आधी हवी होती.

आमच्यापुरतं ते खरंच होतं म्हणा. जेवढं बंद होईल तेवढं आम्हाला काम. बाबा शीळ घालत होते. अकराव्या पाटीला शीळ थांबली, कारण अकरावी पाटी होती बस क्रमांक सातची.

सातनेच ताई नर्सिंगच्या वर्गाला जाते. दुसरी बस नाही. परीक्षेला अठ्ठावीस दिवस होते आणि आता एक दिवस जरी बुडाला तरी परीक्षेला बसू देणार नाहीत. हे तिने इतक्यांदा ऐकवलंय की आमच्या मांजरालाही पाठ झालंय.

"नाही म्हणा ना त्यांना," मी म्हणालो.

"मी नाही म्हटलं तर दुसरा रंगवेल. वर पुढचं कामही जाईल."

बाबा कागद वाचत नाहीत, नुसती अक्षरं बघतात. मी यादीला जोडलेला आदेश वाचला. खाली बारीक लिहिलं होतं, 'सदर फेरी फलक लावल्याच्या दिवसापासून बंद समजावी.'

म्हणजे पाटी लागेपर्यंत बस चालू!

मी गुपचूप 'तू' दीर्घ केला, आणि रंग लवकर वाळवणारा ड्रायर न घालता त्यात अळशीचं तेल दुप्पट ओतलं.

तिसऱ्या दिवशी कारकून आला. "झाली का सातची?"

"ओली आहे, काका."

त्याचा विश्वास बसेना. बोट लावून बघितलं. बोट काळं झालं, ते त्याने आर्थिक चित्राच्या फायलीला पुसलं.

"बाकीच्या वाळल्या, हीच कशी ओली?"

बाबांनी वाकून पाटीचा वास घेतला. तीस वर्षं रंगात काढलेला माणूस, एका वासात सगळं ओळखणार. मी गाल तयार ठेवला.

"हवा दमट आहे, साहेब," बाबा म्हणाले.

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.

"फ्लेक्स तासात छापून मिळालं असतं हो," कारकून कुरकुरला. "पण काटकसर चाललीय ना. फ्लेक्सचा खर्च मंजूर नाही."

"मग थांबावं लागेल," बाबा म्हणाले. "चित्र आशादायक आहे."

तो गेल्यावर बाबांनी माझा कान पिळला. "एवढं तेल घालतात? ओघळ आले बघ! रोज सकाळी एक पातळ हात मारायचा. आणि ताईला काही बोलू नकोस, अभ्यास करू दे तिला."

आज एकोणिसावा दिवस. सातचा ड्रायव्हर रोज खिडकीतून विचारतो, "ओली ना रे?" मी मान हलवतो, ताई आत चढते. तिला वाटतं आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो.

आत्ता कोपऱ्यावर कारकुनाची स्कूटर थांबलीय. पठ्ठ्याने आज बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणलाय. बाबा त्याला पाणी विचारतायत, मोठ्याने, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून. मला निघायलाच हवं, घरातला फ्यूज काढायचाय.