पाचव्या दिवशी निजलेला नवरा

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. आपली झोपायची जागा डोळ्यांपुढे आणा. पलंग असेल, गादी असेल, ताईच्या शेजारची अर्धी सतरंजी असेल, काहीही चालेल. आणली? आता तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या तीन पायऱ्या रचा. त्यांवर पांढरं कापड घाला आणि मातीच्या रंगीत बाहुल्या मांडा. मुरलीवाला कृष्ण, दहा अवतार, लग्नाची वरात, आणि सगळ्यांत खाली डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेला गलेलठ्ठ वाणी. नवरात्राचे नऊही दिवस तुम्ही त्या पायऱ्यांच्या पुढ्यात झोपायचं, तेही पाय पोटाशी घेऊन. पाय लांब केले तर वाण्याला लागतील.

जमलं? मग तुम्ही यामिनीच्या घरी पोचलात.

यामिनी नऊ वर्षांची. तिचं घर सॅन होजे शहरात, तिसऱ्या मजल्यावर. आत निजायची एक खोली, ती अम्मा, अप्पा आणि धाकट्या किट्टूची. बाहेरची खोली दिवसा सगळ्यांची आणि रात्री यामिनीची. घरं तिथे इतकी महाग की अप्पांचा अर्धा पगार घरमालकाकडे जाई, आणि बदल्यात मिळे ती ही दीड खोली.

जूनपर्यंत यामिनीला त्याचं काही वाटत नव्हतं. कारण तिची पेरियम्मा, म्हणजे अम्माची, कल्याणीची, थोरली बहीण वसंता, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, तसल्याच दीड खोलीत. पेरियम्माची अखिला यामिनीहून दोन महिन्यांनी मोठी, पण यामिनीने तिला कधी अक्का म्हटलं नाही. दोन महिन्यांचं कसलं मोठेपण! नवरात्रात दोघी रेशमी परकर घालून दारोदार निघायच्या. आवारात अकरा तमिळ घरं, सगळी पायी फिरता येण्याजोगी. घरोघरच्या बाहुल्यांपुढे चटईवर बसून दोघी गाणं म्हणायच्या. यामिनी डावीकडे, अखिला उजवीकडे. पहिली ओळ यामिनीची, दुसरी अखिलाची. मग कुंकू, बांगड्या आणि द्रोणभर सुंडल. कुणाकडे हरभऱ्याची, कुणाकडे मुगाची, खोबरं आणि मोहरीची फोडणी घातलेली ती उसळ खाऊन अकराव्या घरापर्यंत पोटाचा नगारा व्हायचा.

जूनमध्ये पेरियप्पांनी, म्हणजे अखिलाच्या वडिलांनी, नोकरी बदलली आणि ते सगळे बॉइसीला गेले. आयडाहोत, डोंगरांच्या पायथ्याशी. तिथे त्यांनी घर घेतलं, चांगलं स्वतःचं. आणि आजीच्या पेटाऱ्यातल्या बाहुल्या थोरल्या लेकीच्या म्हणून त्यांच्याबरोबर गेल्या. यामिनीकडे उरल्या त्या तीन पायऱ्यांपुरत्या.

त्यांतही एका जोडीसाठी यामिनीचा जीव तुटत होता. ती म्हणजे मरप्पाची, लाल लाकडाचे ठेंगणे नवरा-नवरी. ते मातीचे नव्हेत, म्हणून मुलींना हाताळता येत. दर वर्षी त्यांना नवे कपडे शिवायचे. नवरी अखिला नटवायची आणि नवरा यामिनी. धोतर नेसवायचं, उपरणं घालायचं, कपाळाला गंधाचा ठिपका. ती जोडीही गेली.

ऑक्टोबरात सोमवारची सुट्टी जोडून यामिनीचं घर बॉइसीला निघालं. पेरियम्मांच्या समोरचं घर विकायला निघालं होतं आणि अप्पांना ते एकदा पाहायचं होतं. आपल्याला दार असलेली खोली मिळणार का, एवढाच प्रश्न यामिनीच्या डोक्यात होता.

पण पेरियम्मांच्या घरात पाऊल टाकलं आणि तो प्रश्न बाजूला पडला. तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

समोरच्या भिंतीला पायऱ्या होत्या, नऊच्या नऊ. वरून दिव्यांच्या माळा. इथल्या वाण्याच्या दुकानापुढे अंगणाएवढी जागा मोकळी, पाय लांब करा नाहीतर कोलांट्या मारा. सगळ्यांत वर नवरा-नवरी होते, आणि दोघांच्याही अंगावर अखिलाच्या नव्या जांभळ्या परकराच्या उरलेल्या कापडाचे कपडे. नवऱ्याच्यासुद्धा. यामिनीचा नवरा असून तिला कुणी विचारलंही नव्हतं.

अखिलाने तिला वर आपली खोली दाखवली. खिडकीतून डोंगर दिसत होता. पलंग एवढा की किट्टू त्यावर हरवला असता. भिंतीवर अखिलाने स्वतः काढलेला एक मोठा कागद चिकटवला होता. यामिनीने पाहिलं तर त्यावर सॅन होजेचं त्यांचंच आवार होतं. इमारती, जिने, पोस्टाच्या पेट्या, लिंबाचं झाड, आणि अकरा दारांवर अकरा नावं. नावाखाली कोणाकडची कुठली उसळ, तेही लिहिलेलं.

यामिनी मनात म्हणाली, बघा. माझ्याकडे चिकटवायला भिंत नाही आणि हिने भिंतीवर चिकटवलं काय, तर माझंच घर.

“डिसेंबरात मी तुमच्याकडे येणारे,” अखिला म्हणाली. “दोन आठवडे. तिकीटसुद्धा काढलंय. तुझ्या गादीवर झोपणार.”

“माझी गादी लहान आहे.”

“माहितीये की. मावायचो आपण.”

“तुला इथे एवढा पलंग आहे ना पण.”

“आहे,” अखिला म्हणाली. “त्याचं काय?”

हे ‘त्याचं काय’ यामिनीला फार झोंबलं. ज्याच्याकडे असतं तोच असं म्हणू शकतो. इथली खोली हिची, नवरा हिचा, नऊ पायऱ्या हिच्या, आणि वर डिसेंबरात माझी अर्धी गादीही हिलाच. रात्री त्या भल्यामोठ्या पलंगाच्या कडेला पडून यामिनीने एकच गोष्ट मागितली. हिचं काहीतरी एक कमी होऊ दे. एकच.

मुलांनो, असं मागणं तुम्ही कधी मागितलंय का, ते मी विचारत नाही. मी मागितलंय, एवढं सांगतो.

शनिवार उजाडला. नवरात्राचा पाचवा दिवस. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. बॉइसीत आवारात फिरून बोलावणं करता येत नाही, म्हणून पेरियम्माने एकच दिवस ठरवून दूरदूरच्या घरांना कळवलं होतं. आधीचे चार दिवस कोणीच आलं नव्हतं. अखिला रोज परकर नेसून खिडकीशी उभी राहायची, असं पेरियम्मा हसत हसत सांगत होती. गुरुवारी तर म्हणे पोरगी चिडून म्हणाली, बाहुल्या भरून ठेव खोक्यात, कोण बघतंय इथे.

दुपारी स्वयंपाकघरात दोघी बहिणी हरभरे शिजवत बोलत बसल्या. पेरियम्मा म्हणत होती, तिथे भाड्यात पैसा ओतण्यापेक्षा इथे घर घ्या, किट्टूला धावायला जागा मिळेल. अम्मा म्हणत होती, ते खरं, पण तिथे रात्री आठला कढीपत्ता संपला तर कितीतरी दारं आहेत ठोठावायला. तिथली तमिळ शाळा, शेजारची गाण्याची शिकवणी, हे सगळं गाडीत घालून आणता येतं का? पेरियम्मा नुसती हरभरे निथळवत राहिली. अप्पा आणि पेरियप्पा समोरच्या घरात होते. भिंती वाजवून बघत होते, नारळ निवडावा तशा. किट्टू त्यांच्या मागे. अखिला वर न्हायला गेली होती.

बाहेरच्या खोलीत यामिनी एकटी.

तिने स्टूल ओढलं. वर चढली. नवरा हातात घेतला. ओळखीचं वजन, ओळखीचं नाकाचं टवका गेलेलं टोक. तो टवका दोन वर्षांपूर्वी तिच्याच हातून उडाला होता.

नवरात्र संपतं त्या रात्री, दसऱ्याला, घरोघर एक बाहुली आडवी निजवतात. ती निजली की उत्सव आटोपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाहुल्या कापडात गुंडाळून खोक्यात जातात. हे यामिनीला कळत्या वयापासून ठाऊक होतं. तिने नवऱ्याला पायरीवर आडवं केलं, त्याच्याच जांभळ्या उपरण्याने गळ्यापर्यंत पांघरलं आणि म्हणाली, “नीज आता.”

मग ती स्टूलावरून उतरली, स्टूल जागेवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खोबरं खवू का म्हणून विचारलं.

संध्याकाळी नऊ बायका आल्या. कुणी तेलुगू, कुणी गुजराती, एक शेजारची अमेरिकन आजी हातात भोपळ्याचा केक घेऊन. तमिळ त्यांत एकच, कोमळम मामी, सत्तरीच्या. मुलाच्या गाडीतून तासभर प्रवास करून आल्या होत्या. त्यांनी पायऱ्यांपुढे हात जोडले, खालून वर नजर नेली आणि वरच्या पायरीवर थांबल्या.

“वसंता, आज पाचवाच दिवस ना गं? तुझा नवरा निजला की.”

“ऑफिसातून दमून आला असेल,” एक तेलुगू बाई म्हणाली आणि बायका हसल्या.

पेरियम्मा हसली नाही. तिने वर पाहिलं आणि हातातलं कुंकवाचं तबक तसंच धरून ती उभी राहिली. नव्या घरातलं हे पहिलं नवरात्र. आपलं माणूस नाही, देऊळ जवळ नाही, इथे आपलं नीट होईल ना, हे भय ती जूनपासून हसून दडवत आली होती. आता ते तिच्या चेहऱ्यावर उघडं पडलं. यामिनीने पेरियम्माला असं कधी पाहिलं नव्हतं.

मग पेरियम्मा अखिलाकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

“खोक्यात भरायची घाई झाली होती ना तुला? झालं समाधान?”

अखिला नाही म्हणाली असती तरी गुरुवारचं बोलणं कोण विसरणार होतं?

“सगळ्यांदेखत घराला अपशकुन केलास. आता डिसेंबरात कुठेही जायचं नाही. तिकीट परत करायचं. इथेच राहायचं आणि हेच आपलं घर म्हणायला शिकायचं.”

अखिलाचं एक काहीतरी कमी झालं होतं.

यामिनीला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खरंच बरं वाटलं. गादी आपली राहिली. मग तिने अखिलाकडे पाहिलं. अखिला रडत नव्हती. ती जिन्याकडे बघत होती, वर आपल्या खोलीच्या दिशेने. त्या खोलीत डोंगर होता, पलंग होता, आणि भिंतीवर तो कागद. अकरा दारं, अकरा नावं, लिंबाचं झाड. माणूस आपल्याजवळ असलेल्या गोष्टीचं चित्र एवढं बारीक काढतं का, हे तेव्हा यामिनीच्या मनात आलं.

खोलीतला ताण सैल करावा म्हणून कोमळम मामी चटईवर बसत म्हणाल्या, “मुलीबाळी गायल्याशिवाय सुंडल मिळत नाही बरं का आमच्यात. यामिनी, तू ये गं. सॅन होजेची ना तू? ऐकू दे.”

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. अम्माने मान हलवून खूण केली, जा.

यामिनी उठली, पण चटईकडे गेली नाही. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. वर चढताना परकर पायात आला, तो तिने वर खोचला. नवऱ्याला उचलून नवरीशेजारी उभं केलं आणि उपरणं खांद्यावर नीट बसवलं.

“मी निजवलं ह्याला,” ती म्हणाली. तोंड बाहुल्यांकडेच होतं. “अखिला वर न्हात होती तेव्हा.”

मग पेरियम्मा तिला नेहमीच्या लाडाच्या शब्दाने म्हणाली, “का गं, कण्णा?”

“तिच्याकडे सगळं आहे म्हणून.”

“सगळं?” अखिला म्हणाली. एवढंच.

अम्मा लाल झाली होती. ती काही बोलणार तेवढ्यात कोमळम मामींनी हात वर करून तिला थांबवलं. “निजवणारीनेच उठवलाय, उठलेला नवरा रुसलेला नाही. कल्याणी, तुझं रागवायचं नंतर. आधी त्याला गाणं ऐकवू दे.”

यामिनी स्टूलावरून उतरली. हेवा गेला होता असं समजू नका. खिडकीतला डोंगर तिला अजून हवा होता, दार असलेली खोली तर हवीच होती. अखिला जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाठ करून बसली होती, आणि ती तिच्याशी पुन्हा बोलेल की नाही, याचा काही नेम नव्हता.

चटई रुंद होती, मधोमध बसायला भरपूर जागा. यामिनी अगदी डाव्या काठाला बसली. परकर आवरून घेतला. उजवी अर्धी चटई मोकळी सोडली. मग डोळे मिटून, अखिलाला जमतो त्या खालच्या सुरात, तिने गाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि दुसरी न म्हणता थांबली.